बेचाळीस पायऱ्या

जूनमध्ये खाली, सप्टेंबरात वर.
डंडीतल्या आमच्या दगडी इमारतीला लिफ्ट नाही
आणि कॅलमंडिनला,
म्हणजे आवळ्याएवढ्या संत्र्यांच्या त्या झाडाला,
गारठा सोसत नाही.

दहा वर्षं कुंडीची एक कड माझ्या हातात,
दुसरी तळमजल्यावरच्या डंकन गेडिसच्या.
तो पाठमोरा चढायचा, धापेसरशी पायऱ्या मोजत.
मी मराठीत मोजायची.
आकडा दोघांचा एकच यायचा, बेचाळीस.
एकदा माझा एक्केचाळीस आला,
तर म्हणाला, चल, परत खालून.

झाडाचं सगळं त्यानंच शिकवलं.
पाण्याचं मातीला विचारू नकोस,
कुंडी जराशी उचलून बघ,
हलकी लागली की तहान लागली.
खवले किडे पानाच्या पाठीवर शिरेला चिकटून बसतात,
स्पिरिटच्या बोळ्याने एकेक पूस.
जानेवारीत फुलं येतील तेव्हा मधमाशी कुठून आणणार?
दोन नंबरचा ब्रश घे, फुलाफुलावरून फिरव.

फिरवते. चष्मा कपाळावर,
हीटरपाशी गुडघे टेकून, बाहेर चारच्या आतच अंधार.
वास जिन्याने खाली उतरतो.
दुसऱ्या मजल्यावरची पोर दार वाजवून विचारते,
लग्न आहे का कुणाचं?

पाहुणे आले की हमखास म्हणतात,
तुझंही तसंच ना गं,
उन्हाच्या देशातलं रोप, कुंडीत रुजलेलं.
मी चहा ओतते.
बावीस हिवाळे पोस्टात पहाटेची पाळी केली मी,
मला गारठा सोसतो.
ते झाड आहे. मी बाई आहे.

यंदा डंकनच्या खुब्यात नवा सांधा बसवला.
त्याला भरलेली किटलीसुद्धा उचलायला बंदी.

मार्चमध्ये मी वर्तमानपत्रं पसरली,
झाड आडवं केलं, कुंडीच्या पोटावर थापा मारून सोडवलं.
मुळं कुंडीच्याच आकाराची झालेली,
गोल गोल स्वतःभोवती.
पावाच्या सुरीने चौथाई कापली,
कच्ची पपई कापताना येतो तसा आवाज आला.
वरचा डोलाराही तेवढाच उतरवला,
आणि कलमाच्या गाठीखाली खुंटाला फुटलेला
तीन पानी, काटेरी फुटवा.
तो दरवर्षी फुटतो,
दरवर्षी कात्री त्याच्यापाशी जरा थबकते,
कारण अख्ख्या झाडात त्यालाच एकट्याला
थंडीचं काही वाटत नाही.

आता कुंडी एका माणसाच्या कवेत मावते.

जूनमध्ये मी एकटीच उतरले.
तो खाली, काठी गुडघ्यांत धरून बसलेला,
मोठ्याने उलटे आकडे मोजत.
सातावर त्याला खोकल्याची उबळ आली.
मी सातव्या पायरीवर थांबले,
झाड कडेवर घेऊन,
तो सहा म्हणेपर्यंत.