दहा लाखांत पाच

परीक्षेला अकरा दिवस उरलेत
आणि कुर्टीच्या या दोन खोल्यांत
जिकडे तिकडे कार्डं.
बेबिंकाच्या खोक्यांची झाकणं कापून मी ती केली,
एका अंगाला प्रश्न, उलट्या अंगाला उत्तर,
कुठेकुठे अजून तुपाचा डाग.

बारा वर्षं मी हे यंत्र चालवते.
कॉईल बसवते, कानांत बोळे घालते,
श्वास धरा, सोडा, हलू नका
असं तीन भाषांत सांगते,
एकदा रशियनमध्येही सांगितलं, फोनवर ऐकून.
पण एवढा आवाज का येतो, असं कुणी विचारलं
की म्हणायचे, जुनं झालंय हो मशीन.

आता रात्रपाळीहून आल्यावर
पेजेचा वाडगा पुढ्यात घेऊन मी पुस्तक उघडते
आणि लाज वाटते, थोडी.
आपल्या अंगातल्या पाण्याचे कण,
निम्मे चुंबकाच्या बाजूचे, निम्मे विरोधात,
एकमेकांना खोडून टाकतात.
उरतात दहा लाखांत चार-पाच.
तेवढ्यांच्याच जोरावर
गुडघ्याची फाटलेली गादी दिसते,
मेंदूतली गाठ दिसते.
दहा लाखांत पाच!
आमच्या पंचायतीच्या ग्रामसभेला याहून जास्त येतात.

बाबा कार्डं धरतात.
पाळीच्या खाणीवर एकतीस वर्षं फिटर होते,
इंग्रजी अक्षरं एकेक करून लावतात,
पण त्रेसष्ट पॉइंट आठ सात
हा आकडा त्यांना माझ्याआधी पाठ झाला.
दीड टेस्ला, हायड्रोजन, असं म्हणतात ते
स्पॅनरचा नंबर सांगावा तसं.

"टी-टू सांग."
मी सांगते, चवथीच्या आरतीला
सगळी घुमटं एकदम सुरू होतात ना,
मग कुणी पुढे धावतो, कुणी रेंगाळतो,
हात तसेच चालू असतात, कातडं तसंच ताणलेलं,
दमलेलं कुणीच नसतं,
एकत्रपण तेवढं जातं, आणि नाद विरतो.
बाबा म्हणतात, शामेळवाला चांगला असला तर परत जमतं.
तो एकशे ऐंशी अंशांचा पल्स, बाबा.
ते कार्ड बाजूला ठेवतात. बरोबर.

सुरक्षेचा धडा मला सोपा वाटायचा.
चार विभाग, चौथ्याच्या दारावर लाल दिवा,
चुंबक कधीच बंद नसतो,
सुट्टीच्या दिवशी, वीज गेली तरीही.
काल मी मुद्दाम उलटं केलं,
मी तंत्रज्ञ, बाबा पेशंट.
पेसमेकर? नाही. कानात यंत्र? नाही.
शस्त्रक्रिया? हर्निया, फोंड्याला, तुझ्या दहावीच्या वर्षी.
डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?

"गेलो न्हय."
असं म्हणून त्यांनी कार्ड खाली ठेवलं.
"गेलेलो नव्हे, उडालेला.
ग्राइंडरवर होतो, चष्मा लेस्लीला दिला होता.
कँटीनमधल्या सावळोने रुमालाच्या टोकानं काढला."
सगळा?
"कोण जाणे. दुखायचं राहिलं."

पुढच्या गुरुवारी त्यांच्या कमरेचा स्कॅन
मीच लावला होता, माझ्याच यंत्रावर,
दुपारी सव्वादोनला.

आज सकाळी एक्स-रे केला.
डाव्या खोबणीत, कडेला,
राईच्या दाण्याहून बारीक
एक पांढरा ठिपका.
फिलोमेनाने फिल्म उजेडाला धरली
आणि काही बोलली नाही, चहा मागवला.

मी सव्वादोनची नोंद खोडली, सीटी लिहिलं.
वही मिटल्यावर हात थोडे थरथरत होते,
कारण फॉर्म मी स्वतः भरला असता,
घरचाच माणूस, म्हणून सरसकट
नाही, नाही, नाही.

संध्याकाळी बाबा ओसरीवर,
वर्कशॉपच्या जुन्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत.
"म्हणजे मी नापास?"
मी हसले. मग आत जाऊन तोंड धुतलं.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गठ्ठा होता,
डोळ्यांपासून लांब धरलेला.
के-स्पेसचं कार्ड, तेही उलटं.
"विचारू?"
विचारा.