घमेलं

बारा टब. सहा पांढरे, सहा काळे.
अमरावती रोडवरच्या आमच्या विभागात
मे महिना कूलरच्या वाळ्यातून थेंब थेंब गळतो
आणि मी खाद्य तोलते, मिलिग्रॅममध्ये,
आईने आयुष्यात कधी तोललं नसेल इतकं बारीक.

सगळ्या चिलापी एकाच तळ्यातल्या, एकाच विणीच्या.
पंधरा दिवसांत पांढऱ्या टबातल्या फिक्या पडल्या,
ओल्या राखेसारख्या.
काळ्यातल्या तव्याच्या पाठीवर गेल्या.
एवढ्यावर कुणी पीएचडी देत नाही.
पुढचं असं, की फिक्या जास्त खातात.
माझी सावली पडली की टबभर तोंडं वर.
काळ्यातल्या येतात, हुंगतात,
दाणा तळाला जाऊ देतात.

डोळा फक्त तळाचा रंग सांगतो.
मेंदूच्या बुडाशी, तीळ मावणार नाही एवढ्या जागेत,
निरोपे बसलेले असतात.
एक निघतो रक्तातून, कातडीला म्हणतो,
आवर तुझे काळे कण, मुठीत धर.
मासा फिका होतो.
त्याचाच भाऊबंद आत भुकेच्या कानाशी: खा.
दुसरा म्हणतो, पसर, होऊ दे काळोख.
आणि आत, हळूच: पुरे.

(आत्याने माझ्या बायोडाटात ‘गहूवर्णी’ लिहिलं होतं.
कोणत्या टबात ठेवून, ते मी विचारलं नाही.)

मंगळवारी बाजारात आई विळीवर बसली होती
तेव्हा तिला हे सगळं सांगितलं.
खवले उडत होते, तिच्या कपाळाला एक चिकटलेला.
“मंग मी काळ्या घमेल्यात काहून ठेवतो मासोळी?
पांढऱ्या टोपल्यात गिऱ्हाईक म्हणते, बिमार हाये.
एवढ्यासाठी सहा वर्सं शिकून राह्यली तू?”
आणि गिऱ्हाइकाला:
“घ्या न बाप्पा, फुटाळ्याची हाये, सकाळची.”

मग श्रावणात तिला मेडिकलला नेलं.
पांढरी चादर, पांढरी फरशी,
भिंतीवर खालून पुरुषभर पांढरा ऑइलपेंट.
आई फिकी पडत गेली,
आधी नखं, मग ओठ, मग डोळ्यांची आतली कड.
मी, मूर्ख, वाट पाहत राहिले भुकेची.
खिचडीचं ताट तसंच परत जायचं,
वर साय धरलेलं.

वझलवार मॅडमना फोन केला, रजेसाठी.
त्या म्हणाल्या, आपल्यातही आहे ग तो निरोप्या,
फक्त रंगाचं खातं सोडलंय त्याने कधीच,
भुकेचं तेवढं ठेवलंय.
मी जिन्यात उभी. खाली कुणीतरी
नारळपाण्याच्या भावावरून भांडत होतं.
म्हणजे त्याला तिच्याकडे बघायची गरजच नाही.
ती कशावर झोपलीय, कोणत्या रंगात,
त्याला काही कळत नाही.
मग तो गप्प कशाने?
यावर त्यांच्याकडे पेपर नव्हता.

घरी आणलं त्याला नववा दिवस.
अंगणात घमेलं पालथं, त्यावर शेजारच्या नान्हेंची मांजर.
“हाकल तिले,” आई म्हणाली, “पानी भर त्याच्यात.”
मासा नव्हता. तरी भरलं.
ती वाकली, कितीतरी वेळ वाकूनच राहिली.
काळ्या पाण्यात तिचा चेहरा
तळाला चिकटलेल्या जुन्या खवल्यांसकट हलत होता.
“फिकी पडली न वं मी?”
खोटं बोलायचं होतं. हो म्हटलं.
तिने पाण्यात बोट फिरवलं, चेहरा मोडला.
“जवसाची चटनी हाये का?”

भाकर सकाळची होती, कडेला कडक.
अर्धी खाल्ली, की जरा जास्त.
मी मोजलं नाही.

माझ्या वहीत त्या तारखेला
टब सातपुढचा रकाना कोरा आहे.
मॅडमनी पेन्सिलीने गोल करून विचारलंय: काय झालं?