गाळ

आमच्या गल्लीतली विहीर उपसायला घेतली,
चौथ्या दिवशी धोटा निघाला.
टोकं पितळेची, लाकूड फुगून जड.

‘लाळी,’ शिवलिंगप्पा ढवळी म्हणाले.
‘धोटा की हो,’ म्हणाला भरमाणा.
दोघांच्याही हातात तो बरोबर बसला.

खाली दस्तगीर मिस्त्री, कमरेइतक्या गाळात.
बादली वर येई:
कुलूप, घागरीचा गळा, कुणाचं तरी जोडवं,
गंजका बिल्ला. कुठल्या मोर्च्यातला
ते कुणी विचारलं नाही.

मी वही घेऊन बसलेलो,
वडगावचा इतिहास लिहायचा म्हणून.
साल विचारलं की नागव्वा सांगायची,
‘थोरला पोहायला शिकला त्या वर्षी.’
परशराम म्हणायचा, गल्लीत एकशेचार माग होते तेव्हा.
आता पाच. त्यातला एक बंद.
मी तेच लिहून घेतलं.

शेवटी पायरीचा दगड धुतला, तर त्यावर दोन ओळी.
सगळे वाकले.
देणगीदाराचं नाव असेल, एखाद्या राजाचं असेल.
आमचा की तुमचा,
हेही असणारच कुणाच्या तरी मनात.

वरची ओळ कन्नड. शिवलिंगप्पांनी
बोट फिरवत फिरवत वाचली:
पाणी शेंदून झाल्यावर दोर जाग्यावर ठेवावा.

खालची मोडी.
ती कुणालाच येईना, मलासुद्धा.
‘तेच असंल की,’ नागव्वा म्हणाली,
‘दुसरं काय असणार?’

दोर गुंडाळून खांद्यावर टाकलेला दस्तगीर
गल्लीच्या तोंडाशी पोचला होता,
तो थांबला.