डोळे मिटा

ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत आज
सीत्स्के सकाळी आली, फ्राउक्ये दुपारी.
जुळ्या.
आईची बोट विकल्यापासून
अकरा वर्षं अबोला;
वेळाही मुद्दाम वेगळ्या मागून घेतलेल्या.

दोघींच्या केसांत मी तीच गार जेल भरली,
तेवढंच म्हटलं : डोळे मिटा.

आणि पडद्यावर हलू लागली
तीच लाट.
सेकंदाला दहा हेलकावे,
मध्येच तसंच किंचित अडखळणं,
उंबऱ्याशी कुणी घुटमळावं तसं.

वायरी काढताना फ्राउक्येनं विचारलं,
"तिचेही केस पिकलेत?"
सांगायची परवानगी नसते आम्हाला.

चुकून सकाळचाच टॉवेल पुढे केला मी,
अजून ओलसर.
तिच्या ते लक्षात आलं.
दुसरा मागितला नाही तिनं.