तीसच्या खाली

मुहर्रकच्या मुलींच्या शाळेत
चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंना
अख्खी गल्ली अजून अबला मौझा म्हणते.
अबला म्हणजे इथं शिक्षिका.
पहिल्यांदा मला हसू आलं होतं.
आता ज्याला येईल त्यानं
त्यांना पार्किंगवरून भांडताना पाहावं.

त्यांच्या दिवाणखान्याचा कॉम्प्रेसर मीच बदलला,
म्हणून मी मुहंदिस.
"मुहंदिस, हाही बघ. अडकतोय."
टॉवेलात गुंडाळून दिला कॅमेरा,
नुकतं न्हाऊ घातलेल्या पोरासारखा.

शुक्रवार. रात्रपाळी उरकून आलेला
अल्ताफ मुरुडकर वरच्या बंकवर घोरतोय.
खाली चटईवर मी इडलीपात्र मांडलं:
जिऱ्याहून बारीक स्क्रू,
एकेका खळग्यात एकेका टप्प्याचे,
नाहीतर परत लावताना कोण कुणाचा ते कळत नाही.

फिल्म नाही. मागचं झाकण उघडं.
खिडकीकडे धरून एकेक वेग ऐकायचा.
पाचशे, टक्.
एकशे पंचवीस, टक्.
साठ, ठीक.
तीसच्या खाली घोडं पेंड खातंय.
पंधरावर पडदा अर्ध्यात थबकतो,
स्वयंपाकघरात येऊन
कशाला आलो ते विसरलेल्या माणसासारखा.
आणि पूर्ण सेकंदावर
खर्रर्र... खर्र...
मग काहीच नाही.
वर अल्ताफचं घोरणंही नेमकं तेव्हाच थांबलं.

स्प्रिंग शाबूत होती.
नवशिका आधी तीच पिळतो, मीही पिळली होती एकदा,
एका फिलिपिनो नर्सचा कॅमेरा कायमचा गेला.
दोष वंगणात.
साठ वर्षांचं ग्रीस, काकवीसारखं घट्ट,
त्यात शमालनं आणून घातलेली
मैद्यासारखी धूळ.
टूथपिकच्या टोकावर लायटरचं पेट्रोल, एक थेंब.
थांबायचं. दाबायचं. ऐकायचं.
पुन्हा थेंब.
चाळिसाव्या खेपेला की काय
सेकंद सेकंदाएवढा झाला.

मग सहज टॉर्च लावला
तर पडद्याला भोक. मोहरीएवढं,
कडा जळलेल्या.
कधीतरी भिंग वर करून ठेवला असणार,
इथला सूर्य कापडाचा मुलाहिजा ठेवत नाही.
काळं रबर, सुईनं, तीन पातळ थर.
विचारलं नाही.
भोक बुजवायला कुणाला काय विचारायचं?

रोल धुऊन आला, फोटो घेऊन गेलो.
त्यांनी चष्मा लावला. एकेक पाहिला,
पुन्हा पहिल्यापासून पाहिला.
"वेन?"
कुठंय?

उठून बिस्किटांचा डबा आणला.
झल्लाकची वाळू, अरादचा किल्ला,
गणवेशातल्या मुली, वाऱ्यानं फुगलेल्या ओढण्या,
आणि प्रत्येक फोटोत वर, उजवीकडे
एक पांढरा ठिपका.
वर्गाच्या छताखालीसुद्धा.
"मुली विचारायच्या,
अबला, चंद्र आपल्या बसमध्ये कुठं चढला?"

मी म्हटलं, रबर ओढून काढलं तर कापड फाटेल.
त्या बोलल्या नाहीत.
कॅमेरा घेऊन अंगणात गेल्या,
बारा वाजलेले, सावली पायाखाली,
कट्ट्यावर तो उताणा ठेवला,
पडदा चढवला, भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं,
फोकस अनंतावर.

"आता मधोमध पडेल," मी म्हटलं, "चेहऱ्यांवर."
"पडू दे. माणसं सरकून उभी राहतील.
चहा घे."

आणि मी,
गिऱ्हाइकाला पहिली ताकीद हीच देणारा,
साखर विरघळून गेली तरी चमचा फिरवत
बसलो नाक वर करून,
कापड जळाल्याचा वास येतोय का, बघत.