मिठाचा हिशेब

सूर्य नोव्हेंबरात गेला, तो आता जानेवारीतच.
तोवर आमच्या वार्डो बेटावर
सकाळ म्हणजे सातची गोळी
आणि संध्याकाळ म्हणजे सातची गोळी.
मधलं सगळं निळसर काहीतरी,
त्याला नाव नाही.

फिनोबार्बिटल. पहिल्या वर्षी मला म्हणताही येत नव्हतं.
आता चीजच्या तुकड्यात दाबताना
गोळीवरची रेघ अंगठ्याला अंधारातही सापडते.
स्कार्व्ह चीज खातो, गोळी गालात धरतो,
सज्जनासारखा माझ्याकडे बघत राहतो,
मग खुर्चीमागे जाऊन थुंकतो.
मी तीन पोरं वाढवलीत.
खुर्चीमागे आधीच उभी असते.

गोळी एकटी पुरेना तेव्हा इंगुनने ब्रोमाइड जोडलं.
इंगुन म्हणजे जनावरांची डॉक्टर, वाडसोला.
समुद्राखालच्या बोगद्यातून बाहेर पडायचं,
पुढे तासभर, वादळ असलं तर
बर्फ उपसणाऱ्या गाडीमागे मुकाट रांगेत.
तिथे बाकावर एक बाई मांजर घेऊन बसलेली.
त्यालाही आकडी येते म्हणाली.
मी मोठ्या शहाणपणाने ब्रोमाइडचं नाव काढलं.
"मांजरांना नाही चालत, फुप्फुसं धरतात,"
आणि पिंजरा जरा पलीकडे सरकवला.

पथ्य एकच, इंगुन म्हणाली: मीठ.
कमी नको, जास्त नको, रोज तेवढंच.
मीठ वाढलं की मूत्रपिंडं
मिठाबरोबर औषधही बाहेर ढकलतात.
मला हसू आलं.
एकतीस वर्षं मी कॉडच्या पोटात मीठ भरलं,
बोटांच्या भेगांत ते अजून असेल,
आणि हा कुत्रा रोज रात्री माझे हात चाटतो.

तेव्हापासून हात धुते. दोनदा.

तरी डिसेंबरात तो पडला.
अकरा महिन्यांनी.
तोंडात चमचा घालू नये, हात तर नाहीच.
टेबल सरकवावं, दिवा मंद करावा, घड्याळ बघावं.
माणसाला वाटतं, अशा वेळी आपण देवाला हाक मारू.
मी सेकंद मोजले. एक मिनिट चाळीस.
आडव्या अंगाने पाय धावत होते
अशा कुठल्या वाटेवर, जिथे मी त्याला कधी नेलं नव्हतं.
पहाटे पुन्हा. पहाट म्हणजे घड्याळातली.
पाच मिनिटं झाली तरी थांबेना,
मग ड्रॉवरातली डायझेपामची नळी, शेपटीखाली.
यात लाजण्यासारखं काही नाही,
मला मात्र मान वळवून खिडकीकडे बघावंसं वाटलं.

नंतर तो भिंतींना धडकत फिरला.
आधी वाटी ओळखली, मग मला.

रक्त तपासलं. ब्रोमाइड निम्म्यावर.
"काय खाल्लं याने?"
काही नाही. माझ्याकडे वही आहे:
तारीख, वेळ, ग्रॅम.

दोन दिवसांनी आर्न्ट आला. शेजारचा.
बायको गेल्यापासून तो हवामानाबद्दलसुद्धा बोलत नाही.
टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.
कुंपणाच्या फटीतून, तीन आठवडे,
खारवलेल्या माशाचे तुकडे.
"तो रोज यायचा," म्हणाला. "अगदी वेळेवर."

खाल्ल्या मिठाला कुत्रं जागतं म्हणे.
जागला की.
ती अख्खी रात्र.

मी बोलणार होते. जीभ धारेवर लावून तयार होती.
पण स्कार्व्ह मला ओलांडून गेला
आणि त्याच्या कोटाच्या खिशात नाक घालून
नुसता उभा राहिला.
खिसा रिकामा होता. आर्न्टने उलटा करून दाखवला,
मला नाही, त्याला.

संध्याकाळची गोळी आता आर्न्ट देतो.
पहिल्या दिवशी फसला.
मी खुर्चीमागून गोळी उचलली, पुसली,
त्याच्या तळहातावर परत ठेवली.

सातला पाच कमी असताना
स्वयंपाकघरात नळ वाजतो.
बराच वेळ वाजत राहतो.