धाकटी नळी

दुर्बीण आली तेव्हा तिच्या पाठीवर
प्लास्टिकचा एक फाइंडर होता.
त्यातून दिवसा माड दिसे, रात्री तोही नाही.
मुख्याध्यापक म्हणाले, मोठी नळी आहे ना,
मग धाकटी कशाला?

तीन रात्री, आंजर्ल्याच्या शाळेची गच्ची,
मोठ्या नळीत मला चंद्रसुद्धा सापडला नाही.
अख्ख्या वाडीला दिसत होता, एवढा.
मोठी पुष्कळ बघते, पण सुईच्या नेढ्यातून:
आभाळाचा एक तीळ,
आणि तो कुठला तीळ हे तिचं तिला ठाऊक नसतं.

मग पगारातून.
लाल ठिपक्याचा स्वस्त होता,
आभाळाच्या कपाळावर टिकली टेकवायची, झालं.
पण त्याला बटणाएवढा सेल लागतो
आणि इथली हवा सेल खाते,
कडी-कोयंडे खाते, सायकलची चेन खाते,
प्रयोगशाळेतल्या तराजूचा काटा खाल्लाय तिने.
शिवाय ठिपका काही वाढवून दाखवत नाही,
डोळ्याला दिसेल तेवढंच;
आणि एलईडीच्या होड्या हर्णै सोडून निघाल्या
की डोळ्याला काय दिसतं?
पन्नास मिलिमीटरचा घ्यावा, तर दुर्बीण नाकावर जाते.
तीसचा घेतला. सहा पट.
आत कोळ्याच्या धाग्याएवढी बारीक फुली,
आणि जग उलटं, डोकं खाली पाय वर.

बसवायचा दिवसाउजेडी, असं कागदावर होतं,
लांबचं, न हलणारं काहीतरी धरून.
इथं न हलणारं काय आहे?
माड हलतात, डोलकाठ्या हलतात,
किल्लासुद्धा दुपारच्या उन्हात थरथरतो.
शेवटी हर्णैचं दीपगृह.
मोठीत ते मधोमध आणलं,
धाकटीचे तीन स्क्रू घेऊन बसले,
एक पिळला की दुसरा रुसतो.

इस्माईल होडेकर नातवाचा दाखला न्यायला आले होते.
साठ पावसाळे तांडेल, एका डोळ्यात मोतीबिंदू.
बघत राहिले. म्हणाले,
बाय, हे तर आमचंच.
कड्यावरच्या देवळाचा कळस
मागच्या डोंगराच्या खाचेत बसला, ही एक रेघ.
बुरुजाआडून दीपगृह निघालं, ही दुसरी.
दोन्ही जिथं कापतात तिथं खाली खडक,
खडकावर तांबोशी.
पाण्यात कधी बघितलंच नाही.
आता पोराच्या होडीवर जीपीएस आहे,
खडक काचेवरचा ठिपका झाला.

रात्री ते पुन्हा आले, कानटोपी घालून.
पुठ्ठ्याची गुंडाळी धाकटीच्या तोंडावर चढवली होती मी,
दंव नको म्हणून, तरी भिंग पुसून पुसून पदर ओला.
डावीकडे न्यावं तर तारे उजवीकडे पळत.
मी दातओठ खात होते.
त्यांनी मला हलकेच बाजूला केलं.
सुकाणूच्या दांड्यालाही उलटंच ढकलायचं असतं,
एवढंच बोलले,
आणि दुर्बीण त्यांच्या तळहाताखाली होडीसारखी वळली.

देवयानीतले दोन तारे मी बोटानं दाखवले,
एक ठळक, एक फिका.
कळस आणि खाच, ते पुटपुटले.
त्या रेघेवर तेवढंच आणखी पुढं,
चांगला डोळा धाकटीला लावून,
श्वास धरून.
मग हात काढून घेतला.

मी मोठीत पाहिलं.
धुकं होतं, लांबट,
कुणी काचेवर उसासा टाकावा तसं,
मधोमध.

बघता ना, मी विचारलं.
तुम्ही बघा, ते म्हणाले,
मला जागा लागली.
आणि जिन्याचा कठडा चाचपत खाली गेले.

सकाळी पोरांनी दुर्बिणीला बॅट टेकवून ठेवली होती.
दीपगृह फुलीपासून बोटभर सरकलेलं.
पहिली घंटा व्हायला दहा मिनिटं होती.
मी स्क्रू पिळायला घेतला.